न्हाव्याचं रानमांजर

काकांच्या शोकसभेत मराठी मंडळानं एक जुनी व्हिडिओ टेप दाखवली. ऐंशीच्या दशकातलं, गणपतीत केलेलं एक नाटक. काका पुठ्ठ्याचा मुकुट घालून सिंहासनावर बसले आहेत. सिंहासन म्हणजे कुणाच्या तरी डायनिंग टेबलाची खुर्ची. मिशी डाव्या बाजूनं सुटली आहे, आणि नाटक विनोदी असूनही महाराजांच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहतं आहे. हॉलमध्ये सगळ्यांनी रुमाल काढले. "काय नैसर्गिक अभिनय हो!" माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या. त्या वर्षी काकांना उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीसही मिळालं होतं. झाकणाचा स्टीलचा डबा.

तो अभिनय नव्हता. हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं, कारण ते पाणी माझ्यामुळे आलं होतं.

मला बोलायला पाच मिनिटं दिली होती. काका फार चांगले होते एवढं म्हणून मी खाली बसले. माझ्यानंतरचे गृहस्थ काकांना अहिंसेचे पुजारी म्हणाले. तेही खरंच होतं. फक्त या पुजाऱ्याच्या तळघरात हत्ती लोळवायच्या ताकदीची तीनेकशे काडतुसं ओळीनं मांडलेली होती, हे सांगायचं राहून गेलं. मला सगळ्याच गोष्टींना वेळ लागतो. म्हणून आता लिहून काढते आहे.

शिकागोच्या बाहेर, शॉमबर्गच्या पुढच्या एका गावात काकांचं घर होतं. मी तिथल्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायच्या नोकरीवर लागले, आणि त्यांच्या तळघरात भाड्यानं राहिले. म्हणजे अर्ध्या तळघरात. उरलेल्या अर्ध्यात मांजरं होती. जागा बघायला गेले तेव्हा काकांनी भाड्याचा विषय काढायच्या आधी मला त्या भागात नेलं.

"हे बघ," ते म्हणाले, "कारखान्यात बनतं ते काडतूस. साबणाच्या वडीसारखं, कुणालाही मिळतं. पण एखाद्या माणसाला वाटतं, हे माझ्या मनासारखं नाही. मग तो आपल्या गॅरेजमध्ये बसतो, त्याच पितळी पुंगळीची मान आवळतो, खांदा पुढे सरकवतो, आणि त्या मापाची बंदूक करवून घेतो. जगात एकच. याला वाइल्डकॅट म्हणतात. रानमांजर. दुकानात मिळत नाही, पाळीव नाही, पण बापाचं नाव मात्र लावतं."

"आणि मॅग्नम?"

"मॅग्नम म्हणजे त्यातलं माजलेलं."

त्यांची सगळी मांजरं जुनी, महायुद्धाच्या मागची-पुढची, आणि सगळी माजलेली. बहुतेकांचं मूळ एकच होतं: इंग्रजांनी आफ्रिकेतल्या हत्तींसाठी काढलेलं एक लांबलचक, बुडाशी पट्टा असलेलं काडतूस. अमेरिकेतल्या सुतारांनी, शेतकऱ्यांनी, दंतवैद्यांनी ते घेऊन आपापल्या परीनं त्याची मान मुरगळली होती. आतली दारू काढून टाकलेली. काका एकेक उचलून दिव्याकडे धरत आणि म्हणत, "याचा खांदा बघ. काय उतार आहे! आणि हा बघ, हा दंतवैद्य. याला घाई होती. मानेवर सुरकुती आहे." वधूपरीक्षेतही माणसं इतकं निरखून बघत नाहीत.

ते स्वतः धातुशास्त्रज्ञ होते, स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडत. घरात उंदीर शिरला तेव्हा त्यांनी पिंजरा स्वतः बनवला, आणि पकडलेला उंदीर गाडीनं सात मैलांवरच्या जंगलात नेऊन सोडला. काकू म्हणाल्या, "हत्तीच्या गोळ्या जमवतात आणि उंदराला ड्राइव्ह करून पोचवतात. वाटेत त्याला रेडिओ लावला असेल."

बंदूक त्यांनी आयुष्यात एकदाच झाडली. कुणाच्या तरी मक्याच्या शेतात, मातीच्या ढिगावर. चष्मा मक्यात सापडला. दोन दिवस उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, तेव्हा काकूंनी लग्नापासूनचं साठलेलं सगळं त्या बाजूला बसून बोलून घेतलं. नंतर काका एवढंच म्हणाले, "आवाज चांगला आहे."

माणसांनाही ते याच मापानं मोजत. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे फॅक्टरी माल. सूट शिवलेला, भाषण ठरलेलं, कुठल्याही गावी चालेल. त्यांचा मुलगा विचारायचा, "डॅड, व्हाय कान्ट यू जस्ट प्ले गोल्फ?" तेव्हा हे मला हळूच म्हणत, "हाही फॅक्टरीतच गेला गं. हरकत नाही. चांगल्या फॅक्टरीत गेला."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते डोक्यावरूनच. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात ते केस कापायला गावातल्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेले. आरशासमोर कंगव्यांच्या शेजारी एक पितळी काडतूस उभं होतं. त्याच्या मानेवर निळसर झाक होती. काकांनी अर्ध्या कापलेल्या डोक्यानं उठून ते हातात घेतलं आणि विचारलं, "हे कुणी तापवलं?" पितळ नेमकं किती तापवलं की मऊ होतं आणि कुठे थांबलं नाही की नासतं, हे ज्याला कळतं, असा माणूस न्हाव्याला तीस वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता. त्यानं दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि काकांना मागच्या खोलीत नेलं. तिथे लेथ होती. काका घरी परतले ते अंधार पडल्यावर. डोक्याची उजवी बाजू कापलेली, डावी तशीच.

तेव्हापासून दर शनिवारी काका तिकडे. पुढेपुढे त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलं नाही, कानामागे एक झालर राहिली. तरी शनिवार चुकला नाही. न्हावी त्यांना 'डॉक' म्हणायचा. काका त्याला 'बॉस' म्हणायचे. काकू त्याला 'तुमची ती' म्हणायच्या.

या न्हाव्यानं तरुणपणी स्वतःचं एक रानमांजर केलं होतं, आरशासमोर उभं होतं तेच. पण त्याची एक जखम होती. तो सांगायचा की नमुन्याचं एक काडतूस त्यानं तेव्हा पश्चिमेकडच्या एका नामांकित बंदूकवाल्याला पोस्टानं पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी त्या माणसानं जवळजवळ तसंच काडतूस स्वतःच्या नावानं जाहीर केलं, आणि ते नाव छापून आलं. आता लोक न्हाव्याच्या काडतुसाकडे बघून म्हणत, हां, हे त्यांचंच ना?

जुन्या रानमांजरांच्या शौकिनांचं एक पत्रक निघायचं, तीन महिन्यांनी, सायक्लोस्टाइल केलेलं. त्यात सगळ्या ज्ञात मांजरांची यादी. नियम सोपा होता: माप वेगळं असेल तर वेगळी ओळ आणि ज्यानं केलं त्याचं नाव. माप तेच असेल तर जे आधी छापून आलं त्याच्या बापाचं नाव. काकांनी ठरवलं की न्हाव्याला त्याची ओळ मिळवून द्यायची. न्हावी ऐंशीच्या घरात होता, खोकत होता. घाई करायला हवी होती आणि घाई करून चालणार नव्हतं.

आरशासमोरचं काडतूस हाताळून हाताळून झिजलेलं. पुरावा एकच उरला होता: त्याची बंदूक. काडतूस जिथे बसतं त्या पोकळीचं माप घ्यायचं तर तिथे एक धातू वितळवून ओततात. हा धातू उकळत्या पाण्यातही वितळतो. थिजला की त्या पोकळीचा साचा हातात येतो. काका तो काकूंच्या फोडणीच्या पळीत वितळवत. त्यात शिसं असतं, म्हणून एकदा वापरलेली पळी परत स्वयंपाकघरात जायची नाही हे त्यांनीच ठरवलं आणि काकूंना नवी आणून दिली. "पण चांगली होती तीच नेली," हे काकू मला अजूनही सांगतात.

या धातूचा स्वभाव विचित्र. थिजल्यावर पहिला अर्धा तास तो आकसतो. तेवढ्यात तो बंदुकीतून काढून घ्यायचा. मग तो फुगू लागतो, आणि दिवसेंदिवस फुगत राहतो. या सगळ्यात फक्त एकदाच, ओतल्यापासून बरोबर एका तासानं, तो खऱ्या मापाचा असतो. आधी मोजाल तर कमी, उशिरा मोजाल तर जास्त. काका म्हणायचे, "दिवसातून एकदाच खरं बोलतो. मंडळाच्या कमिटीपेक्षा बरा."

न्हावी बंदूक रात्रभर बाहेर ठेवायला तयार नव्हता. शनिवारी दुपारी नेऊन संध्याकाळी परत, असं ठरलं. पत्रकाला पत्र सोमवारच्या शिक्क्यानं जायला हवं होतं. आणि नेमका त्याच शनिवारी मंडळाचा गणपती होता. काका नाटकात महाराज होते. मी प्रॉम्प्टर.

तळघरात येऊन काकूंनी जे दृश्य पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "मुकुट घातलेला माणूस बंदुकीला फोडणी देत होता." साचा ओतून झाला. थोड्या वेळानं तो बाहेर काढून टॉवेलवर ठेवला. चकचकीत, बोटभर, सुंदर. वर फोन वाजत होता. अध्यक्ष दर पाच मिनिटांनी विचारत होते, महाराज निघाले का?

"अहो, पीतांबर नेसायचाय की नाही? आणि ते घड्याळ काढा हातातलं. कुठल्या महाराजांनी मनगटी घड्याळ घातलं होतं?"

काकांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तीन वाजून वीस मिनिटांनी तास होईल. तेव्हा हाक मार. एक मिनिट आधी नाही."

पत्र मी आधीच टाइप करून ठेवलं होतं, आकड्याची जागा रिकामी सोडून. मी त्या टॉवेलसमोर बसले. मनापासून सांगायचं तर मला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं. एका धातूच्या तुकड्यासाठी शंभर माणसं हॉलमध्ये खोळंबलेली. त्यात माझी एक साडी इस्त्री व्हायची होती. वर पीतांबर दोनदा सुटला, काकूंचा आवाज चढला, फोन पुन्हा वाजला. जिन्याच्या वरून काकांनी विचारलं, "झाला का गं तास?"

घड्याळात तीनला पंधरा मिनिटं कमी होती.

"झाला," मी म्हणाले.

ते पीतांबर सावरत खाली आले. माझ्या हातातल्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी सांगितलं होतं ना. बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी त्यांनी तीन वेळा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना मिशी सुटली. मग ते शांतपणे म्हणाले, "लिही," आणि आकडा सांगितला. तो त्या पश्चिमेकडच्या माणसाचाच आकडा होता. दशांशापर्यंत.

"काका, मग हे पत्र नाही पाठवलं तर?"

"मोजलं ना आपण? मग पाठवायचं."

वाटेत बंदूक परत द्यायला थांबलो. दुकानाच्या दारात न्हाव्यानं मुकुटाकडे बघितलं. "डॉक, हॅलोवीनला वेळ आहे अजून." मग हळूच विचारलं, "काय निघालं?"

"सोमवारी येऊन सांगतो, बॉस," काका म्हणाले. पत्र त्यांनी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं, आणि वीस मिनिटांनी स्टेजवर जाऊन विनोदी नाटकात रडले. मी विंगेतून वाक्यं सांगत होते. त्यांना ऐकू येत नव्हती.

सोमवारी ते खरोखरच गेले. परत आले ते लगेच. न्हावी एवढंच म्हणाला होता, "म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याचं माझं म्हणून सांगत होतो." आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली होती.

त्यानंतर काकांनी केस कापले नाहीत. गावात आणखी चार न्हावी होते. मॉलमध्ये तर दहा मिनिटांत केस कापून देणारी मुलगी होती. काका गेले नाहीत. कानांमागची झालर वाढत वाढत कॉलरवर आली. दिवाळीत लहान मुलं त्यांना बघून हसली. अध्यक्षांनी पुढच्या नाटकात ऋषीची भूमिका देऊ केली. "विग वाचेल," ते म्हणाले. काकांनी विनोदाला दादही दिली. मी मात्र रोज सकाळी ती झालर बघत होते आणि आज सांगू, उद्या सांगू म्हणत कामावर जात होते. मी पुस्तकांच्या नोंदी करणारी बाई. एका पुस्तकावर चुकीच्या लेखकाचं नाव पडलं तर मी दिवसभर अस्वस्थ असायची. आणि इथे एका माणसाच्या आयुष्यावर मी चुकीचं नाव टाकलं होतं, साडीच्या इस्त्रीसाठी.

बर्फ पडायला लागल्यावर एका रविवारी काकांनी माझा टाइपरायटर मागितला. "मी करून देते ना टाइप," मी म्हणाले.

"नको, आज मीच करतो."

दोन तास वरून एकेका बोटाचा आवाज येत राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारीही. पत्रं कुणाला जातात ते मी विचारलं नाही.

जानेवारीच्या शेवटी न्हाव्याच्या मुलीचा फोन आला. दुकान बंद होणार होतं, बाबांना ती आपल्याकडे नेणार होती, आणि बाबा म्हणतात की डॉकला यायचं असेल तर येऊ दे. काकांनी पळी घेतली, धातू घेतला, आणि मला म्हणाले, "चल. गाडीत सामान धरायला कुणीतरी हवं."

दुकान अर्धं रिकामं झालं होतं. न्हावी स्वतःच्याच खुर्चीत ब्लँकेट पांघरून बसला होता. निम्मा झाला होता. त्यानं काकांच्या डोक्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, "कुणी केली ही अवस्था?"

"तूच," काका म्हणाले. "बंदूक अजून आहे ना?"

"पुन्हा काय मोजायचं? लिहिलंस ना तू?"

"माझी घाई झाली होती, बॉस. पत्रात कळवलं होतं."

"तिन्ही मिळाली," न्हावी म्हणाला. "चष्म्याचा नंबर बदललाय. मुलीकडून वाचून घ्यायची लाज वाटत होती."

मागच्या खोलीत काकांनी साचा ओतला. थिजल्यावर काढून, आरशासमोर जिथे ते काडतूस असायचं तिथे ठेवला. आणि मग त्यांनी हातातलं घड्याळ काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वेळ ही बघेल," ते न्हाव्याला म्हणाले. "माझा हिच्यावर भरवसा आहे."

आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला. टोमणा असता तर सोपं गेलं असतं. ते तसंच हात पुढे करून उभे राहिले, मी घड्याळ घेईपर्यंत. तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत आहे.

"एवढा वेळ नुसतं बसणार?" न्हावी म्हणाला. "उठवा मला. डॉक, बस खुर्चीत."

मुलगी नको नको म्हणत असताना तो उभा राहिला. एका हातानं खुर्चीची पाठ धरून त्यानं कात्री उचलली. कात्री कानाजवळ आली की काका डोळे मिटून घेत. मध्येमध्ये तो खोकायला थांबे, मग पुन्हा सुरू. मी घड्याळावरची नजर काढली नाही. तास झाला. मी आणखी एक मिनिट जाऊ देणार होते, मग आठवलं की तेही चूकच, आणि म्हणाले, "आता."

काकांनी गळ्यातला कपडा न काढताच मोजलं. तीनदा. मग मोजपट्टीचं यंत्र न्हाव्यापुढे धरलं. त्यानं ते मुलीला वाचायला लावलं. त्या पश्चिमेकडच्या माणसाच्या मापापेक्षा दोन सहस्रांश इंच जास्त होतं. यादीत वेगळी ओळ मिळायला ते पुरेसं होतं.

"दोन सहस्रांश म्हणजे किती, बाबा?" मुलीनं विचारलं.

न्हाव्यानं काकांच्या खांद्यावरचा एक केस उचलून उजेडात धरला. "याच्या निम्मं," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसला आणि बराच वेळ तो केस हातात धरून होता.

परतताना गाडीत मी म्हणाले, "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"थंडी सुरू झाली तेव्हा. तो पहिला साचा ड्रॉवरमध्ये पडला होता. सहज मोजला. जेवढा फुगायला हवा त्यापेक्षा जास्त फुगला होता. म्हणजे सुरुवातीचा आकडा कमी घेतलेला. उलटा हिशेब केला." ते काच पुसत म्हणाले, "ओतल्यापासून पंचवीसच मिनिटं झाली होती. बरोबर?"

"बरोबर."

"बघ. चांगला धातू आहे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "काकूला सांगू नकोस. तिला वाटतं मी मंडळाच्या नाटकासाठी घाई केली. तेवढं एकच सामाजिक काम माझ्या नावावर आहे."

वसंतात पत्रक आलं. न्हाव्याला त्याची ओळ मिळाली, त्याच्या नावानं. मुलीनं ते पान त्याच्या पलंगासमोर चिकटवलं होतं. तो मे महिन्यात गेला. काकांचे केस त्यानंतर मॉलमधली मुलगी कापू लागली. तिला पितळातलं काही कळत नव्हतं, पण काका तिला समजावत.

शोकसभा झाल्यावर काकूंनी मला घरी बोलावलं आणि एका पिशवीत ती पळी आणि दोन्ही साचे दिले. "तुझं काय ते घेऊन जा बाई," त्या म्हणाल्या. "मला नवी पळी लागलीच नाही कधी हाताला." साच्यांच्या खाली पत्रकाचं ते पान होतं. त्या ओळीखाली बारीक टाइपात काकांनी पाठवलेला खुलासा छापला आहे: आधीच्या अंकातलं माप चुकीचं होतं, मोजणाऱ्याच्या घाईमुळे.

ते पत्रक आता निघत नाही, नाहीतर तिकडेच कळवलं असतं. मोजणाऱ्यानं घाई केली नव्हती. घड्याळ माझ्याकडे होतं.